सावळाराम भोंगा आणि घशातली नळी

पिंपरी पेंढारच्या सावळारामाला कुटे असं आडनाव आहे, हे तालुक्यात फारसं कुणाला ठाऊक नाही. जुन्नर-आंबेगावात जिथं जिथं बैलगाड्यांचा घाट भरतो, तिथं त्याला सावळाराम भोंगा म्हणूनच ओळखतात. यात्रेच्या दिवशी स्टेजवर सावळाराम दिसला नाही, तर त्याच्या घरी काही वाईट तर घडलं नाही ना, असं लोक आधी विचारतात आणि मग बैलांकडं बघतात.

घाट म्हणजे चढावरची धावपट्टी. खालून बैल जुंपलेला गाडा सुटतो, पुढं घोडी धावते, आणि पंधरा सेकंदांच्या आत सगळा खेळ आटोपतो. ह्या एका धावेला बारी म्हणतात. तेवढ्या वेळात धुळीपलीकडं कुणाला धड काही दिसत नाही, म्हणून लोक शर्यत बघतात ती कानांनी. गाडामालक वर्षभर पोटच्या पोराला घालणार नाही इतकं दूध नि खारीक-खोबरं बैलांना घालतो. एवढं करून त्याची बारी गाजली की नाही, हे घड्याळापेक्षा सावळारामाचा गळा जास्त ठरवतो. मधली काही वर्षं शर्यतींवर बंदी होती, तेव्हा सावळारामानं लग्नांत आहेर पुकारून दिवस काढले. त्याही काळात त्यानं स्टीलच्या डब्यांचा आहेर असा काही पुकारला होता, की नवरदेवाचा मामा टाळ्या वाजवत उठून उभा राहिला होता.

अशा माणसाला बीपी असावं, ह्यात नवल नाही. गावातल्या शिबिरात ते निघालं आणि डॉक्टरांनी रोज एक गोळी लावून दिली. ही गोळी बीपी उतरवते आणि छातीतली धडधडही आवरते, असं त्यांनी समजावून सांगितलं. सावळाराम पहिल्या भागावर खूश झाला आणि दुसऱ्यावर विचारात पडला. गाडा सुटला की त्याचं काळीज घोडीच्याही पुढं पळायचं, आणि आवाज येतो तो तिथूनच, अशी त्याची पक्की समजूत होती. धडधडच गेली तर पुकारायचं कशाच्या जोरावर? त्यानं कुणालाही न विचारता आपला नियम करून टाकला, की घाट असेल त्या दिवशी गोळी घ्यायची नाही. आता चैत्र-वैशाखात ह्या दोन तालुक्यांत घाट नाही असा दिवस शोधून दाखवावा. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सावळाराम बिनगोळीचा असायचा, आणि पावसाळ्यात घरी बसून मात्र इमानदारीनं गोळ्या खायचा.

त्याची बायको लंकाबाई हे सगळं बघत होती. तिनं सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, एकदा चहात गोळी विरघळवूनही पाहिली. चहा कडू लागतो म्हणून सावळारामानं दूधवाल्याशी भांडण काढलं, तेव्हा तिनं नाद सोडला.

मग एका वर्षी आंबेगाव तालुक्यातल्या एका घाटात, ऐन बारीत, सावळारामाच्या पोटात उजव्या बाजूला अशी कळ उठली की माईकवरच तो "आई गं" म्हणून ओरडला. स्टेजवरच्या सगळ्या कर्ण्यांतून ते "आई गं" घाटभर घुमलं. बैल पडले असं समजून शे-दोनशे माणसं पट्टीवर धावली. बारी होती त्याच्या जुन्या दोस्ताची, रामनाथची. दोस्त पोट धरून स्टेजवर आडवा झालेला असताना रामनाथ खालून कमिटीशी भांडत होता, की आपली बारी पुरती पुकारली गेली नाही, तेव्हा ती पुन्हा द्यावी.

पित्ताशयात खडे निघाले. आळेफाट्याच्या एका खासगी दवाखान्यात दुर्बिणीनं ऑपरेशन करायचं ठरलं. सर्जन म्हणाले, "आता एकदा भूलतज्ज्ञ तुम्हाला तपासतील." सुई टोचून झोपवायचं, त्यात तपासायचं काय, असं सावळारामाला वाटलं.

तपासायला आली ती डॉक्टर कौसर. जुन्नरच्या. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, जिथून फोन येईल तिथं स्वतः गाडी चालवत जायची आणि माणसं झोपवून पुन्हा जागी करून द्यायची. बरं झाल्यावर पेशंट सर्जनला पेढे द्यायचे. हिला कुणी ओळखायचंही नाही, कारण ओळख व्हायची वेळ आली की पेशंट झोपलेला असायचा. ह्या गोष्टीचा तिला राग नव्हता. कुणी खोटं बोललं की मात्र तिला राग यायचा.

"काका, बीपीची गोळी चालू आहे?"

"चालू हाय की."

"रोज?"

"रोज."

"चैत्रात न्हाई," लंकाबाई दारातून म्हणाली.

कौसरनं मान वर केली. "चैत्रात का नाही?"

"चैत्रात घाट असत्यात," सावळाराम म्हणाला. हे एवढं उघड कारण डॉक्टरला सांगावं लागतं, ह्याचं त्याला वाईट वाटलं.

तेवढ्यात दंडावरच्या पट्ट्यानं आवळून आकडा दाखवला. वरचा एकशे नव्वद, खालचा एकशे दहा. कौसर खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली.

"नीट ऐका, काका. तुम्ही गाढ झोपलेले असणार. मग श्वासासाठी मी तुमच्या घशातून, स्वरयंत्राच्या मधून, श्वासनलिकेत एक नळी घालणार. तुम्हाला काही कळणार नाही, पण तुमच्या काळजाला कळतं. नळी आत जाताना नाडी उधळते आणि बीपी एकदम वर चढतं. धडधाकट माणसाचं चढतं आणि थोड्या वेळात उतरतं. तुमचं आधीच इतकं वर आहे. तिथून उधळलं तर मेंदूतली नस फुटेल, नाहीतर हृदयावर येईल. आणि ही गोळी मनाला येईल तेव्हा सोडली, की काळीज जास्तच उसळतं."

एवढ्या सगळ्यातून सावळारामानं एकच गोष्ट ऐकली. नळी स्वरयंत्राच्या मधून जाणार होती.

नस फुटायची ती फुटेल, तो देवाचा प्रश्न होता. पण आवाज गेला तर सावळाराम भोंगा राहील कोण? मग त्यानं बाजारात जनावराचा भाव करावा तशी घासाघीस सुरू केली.

"रामनाथच्या हर्नियाला पाठीत सुई दिली व्हती. मला बी तीच द्या."

"ह्या ऑपरेशनला पोटात हवा भरतात. पाठीतल्या सुईवर भागायचं नाही."

"मग बारकी नळी घाला. ल्हान पोराची."

"श्वास पुरणार नाही."

"नाकात घाला की. नाकाचं मला काय काम न्हाई."

"नाकातून घातली तरी जाणार तिथूनच."

शेवटी त्यानं हळूच विचारलं, "म्याडम, आवाज जाईल का?"

"दोन-चार दिवस घसा बसेल, खवखवेल. कायमचा जाणं फार क्वचित होतं. पण होतच नाही, असं मी तुम्हाला सांगणार नाही."

ही बाई खोटं बोलली असती तर किती बरं झालं असतं, असं सावळारामाला वाटलं.

पंधरा दिवस एकही दिवस न चुकवता गोळी घ्यायची, मीठ कमी करायचं, आणि बीपी खाली आलं तरच ऑपरेशन, असं ठरलं. पुकारायला जायचं तर जाऊ द्या, पण गोळी घेऊन, असं कौसरनं बजावलं. आणि हे तिनं सावळारामाला नाही, लंकाबाईला सांगितलं. लंकाबाईला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरकारी पाठबळ मिळाल्यासारखं झालं. रोज सकाळी ती समोर उभी राहायची, गोळी गिळायला लावायची आणि तोंड उघडून दाखवायला सांगायची.

त्या पंधरवड्यात शेजारच्या गावाची यात्रा आली. सावळाराम गोळी घेऊन स्टेजवर चढला. एक हात माईकवर आणि एक छातीवर, धडधड होतेय का ते बघायला. पहिल्याच फेरीत रामनाथचा गाडा आला. बैलांना त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे, अशी बारी रामनाथच्या आयुष्यात झाली नव्हती. आणि सगळ्या घाटानं कर्ण्यांतून ऐकलं ते असं:

"रामनाथ यांचा गाडा सुटलेला आहे. गाडा मध्यावर आलेला आहे. गाडा पोचलेला आहे. धन्यवाद."

लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. भंडारा उधळायला वर गेलेले हात तसेच खाली आले. रामनाथनं बैल सोडले, त्यांना पाणी दाखवलं आणि मग तो स्टेजखाली येऊन उभा राहिला.

"सावळ्या, स्टँडवर नाशिक गाडी लागली म्हनून सांगत्यात, तशी माझी बारी पुकारलीस तू. काय वाकडं केलं व्हतं मी तुझं?"

"गोळी घेतलीया राव," सावळाराम म्हणाला. "गोळीनं आवाजच धरलाय."

गोळीनं काही धरलं नव्हतं. छातीवर हात ठेवून स्वतःचे ठोके मोजत बसलेला माणूस बैल कसले पुकारणार? पण ते त्याला सांगणारं तिथं कुणी नव्हतं. रामनाथ त्याच्याशी न बोलता निघून गेला. सावळारामाची खात्री पटली, की गोळीनं अर्धा आवाज खाल्ला आहे, आणि उरलेला अर्धा आता नळी खाणार.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर, सांगितल्याप्रमाणे त्यानं गोळी घेतली. बीपी जिथं हवं तिथं आलं होतं. टेबलावर त्याला आडवं केलं, छातीला तारा चिकटवल्या, आणि डोक्यामागं कौसर येऊन उभी राहिली. टोपी-मास्कमधून तिचे फक्त डोळे दिसत होते.

"म्याडम, नळी घालायला टाइम किती लागतो?"

"पंधरा सेकंदांच्या आत आटपायचं असतं. जितकी रेंगाळेन, तितकं तुमचं बीपी वर जाणार."

सावळारामानं उशीवरून मान उचलली. "म्हंजी बारीच की."

"काय?"

"चांगला गाडा बाराच्या आत येतो, म्याडम."

"मी प्रयत्न करते," कौसर म्हणाली.

"घड्याळ कोन लावनार?"

कोपऱ्यात मोहिनी नावाची सिस्टर होती. कौसरनं तिच्याकडं बघितलं आणि मोहिनीनं हसू दाबत भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. सावळारामाला ते पसंत पडलं नाही. झेंडा पडल्याबिगर घड्याळ लावायचं नसतं, सेकंदाचे पॉइंटसुद्धा मोजायचे असतात, असं तो तिला समजावून सांगायला लागला. औषध शिरेत जात होतं. "घोडी पुढं... गाडा जुपला..." एवढं बोलून तो थांबला, आणि पुढची बारी त्याच्याशिवायच झाली.

ती कशी झाली, हे त्याला नंतर मोहिनीकडून कळलं, आणि त्यानं ते तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. कौसरनं आधी नाडीला लगाम घालणारं औषध दिलं, घशात बधिरतेचा फवारा मारला, मग जीभ बाजूला सारून नळी आत सरकवली. तरीही काळजाला कळायचं ते कळलंच. नाडी साठ-पासष्टावरून नव्वदीपलीकडं गेली, बीपी दीडशे ओलांडून वर चढलं, आणि कौसर दुसऱ्या औषधाची सिरिंज हातात घेऊन पडद्याकडं बघत उभी राहिली. सिरिंज वापरावी लागली नाही. आकडा वर टेकला, थोडा थांबला आणि उतरायला लागला. "बारा सेकंद," मोहिनी म्हणाली. मास्कच्या आत कौसर हसत होती, असं मोहिनीचं म्हणणं.

जाग आल्यावर सावळारामानं पाणी मागितलं. तोंडातून जो आवाज निघाला, तो त्याचा नव्हता. पत्र्यावर वाळू सांडावी तसं काहीतरी खरखरलं. "असंच होतं, काका. बेतानं बोलत राहा, येईल परत," कौसर म्हणाली. सावळारामानं मान डोलावली आणि मनाशी ठरवलं, की आता बोलायचंच नाही.

घरी आल्यावर त्याच्या मुकं राहण्यानं लंकाबाईची पहिले दोन दिवस चैन झाली. टीव्हीवरची मालिका तिला सगळीच्या सगळी ऐकू आली. पाणी हवं असलं की सावळाराम ताटलीवर चमचा वाजवायचा, चहा हवा असला की दोनदा वाजवायचा. चौथ्या दिवसापासून मात्र घर तिला खायला उठलं. घशाची खवखव थांबली होती, भाकरी खाली उतरत होती, आणि तरी माणूस गप्प.

"बोला की वो," ती म्हणाली. "शिव्या द्या, पर बोला."

सावळारामानं चमचा वाजवला.

मग रामनाथ आला. राग विसरून आला होता. येताना पपई घेऊन आला. हंगामाचा शेवटचा घाट त्याच्याच गावात होता, आणि कमिटी विचारत होती, की सावळारामाचं नाव छापायचं की मंचरकडचा नवा पोरगा बोलवायचा. सावळारामानं गळ्याला हात लावला आणि मान हलवली. रामनाथ पपई तिथंच ठेवून उठून गेला. तो गेल्यावर सावळाराम गोठ्यात गेला, गाईसमोर उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि आवाज न काढता तसंच मिटलं. त्याला भीती वाटत होती. गप्प राहिलं तोवर आवाज असेल किंवा नसेल. एकदा हाक मारली, की काय ते कळून चुकणार होतं, आणि नसला तर त्यापुढं जगायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं.

लंकाबाईनं ते खिडकीतून पाहिलं. त्या दिवशी टीव्ही लागला नाही.

टाके काढायला ती दोघं पुन्हा आळेफाट्याला गेली. टाके निघाले, गोळ्या आणायला लंकाबाई समोरच्या मेडिकलमध्ये गेली, आणि सावळाराम बाहेर पडतोय तोच कौसरनं त्याला थांबवलं. वॉर्डातल्या एका खाटेवर झुंबरबाई नावाची म्हातारी बसली होती. आंबेगावच्या डोंगरातली, गळ्याला लिंबाएवढी गाठ, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. दंडाला पट्टा बांधलेला आणि शेजारी मशीन.

"नळीच्या भीतीनं ह्यांचं बीपी खाली येत नाहीये, काका. तुम्ही जाऊन आलाय त्यातून. जरा शांतपणे सांगा त्यांना, काही होत नाही म्हणून. मी आलेच."

नाही म्हणायचं तरी बोलावं लागलं असतं. सावळाराम स्टुलावर बसला आणि अगदी ओठातल्या ओठात पुटपुटला, "काय व्हत न्हाई, आजी."

"काय म्हन्तुयास?"

"काय व्हत न्हाई."

"मोठ्यानं बोल रं बाबा. मला कमी ऐकू येतंय."

सावळारामानं इकडंतिकडं बघितलं. थोडं वर येऊन म्हणाला, "नळी घालत्यात. कळत न्हाई."

"गळी?"

"नळी, आजी, नळी."

"आन् ती कवा घालत्यात?"

"झोपल्याव. म्याडम डोक्याशी उभ्या ऱ्हात्यात."

"कोन ऱ्हातंय?"

म्हातारी एकेका वाक्याला त्याला एकेक पायरी वर ओढत होती, आणि सांगण्याच्या नादात ते त्याच्या ध्यानातही येत नव्हतं. म्याडम कुठं उभ्या राहतात, हे सांगताना तो स्टुलावरून उठला. नळी कशी धरतात, हे दाखवताना त्याचा हात वर गेला. आणि मग गाडा सुटलाच.

"म्याडमनी नळी घेतली हातात, घड्याळ लागलं, जिभेवरनं नळी सुटली, ही सुटली, पडजीभ डाव्या अंगाला टाकली, आन् आजी, नाडी उधळली, सत्तर न्हाई, ऐंशी न्हाई, नव्वदीला जाऊन भिडली, बीपी घाट चढतंय, चढतंय, दीडशे मागं पडलं, म्याडम हटत न्हाईत, बारा शेकंद, बारा शेकंदात नळी आत, भिर्रर्र, ही बारी आळेफाट्यात झाली न्हाई आन् व्हनार न्हाई..."

समोरच्या खाटेवरच्या, पाय मोडलेल्या ट्रक ड्रायव्हरनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. ओपीडीतली माणसं दारात जमली. झुंबरबाई डोळे विस्फारून पुढं सरकली होती, आणि तिच्या दंडावरचा पट्टा फुगून मशीन ओरडायला लागलं होतं.

कौसर धावत आली. तिनं आधी पडद्याकडं बघितलं आणि मग सावळारामाकडं.

"एकशे अठ्ठ्याण्णव. काका, मी तुम्हाला ह्यांचं बीपी उतरवायला बसवलं होतं."

सावळाराम हात वर तसाच ठेवून उभा होता.

"आज गोळी घेतलीय ना तुम्ही?"

"घेतली की. सकाळीच," तो म्हणाला, आणि आपलंच उत्तर ऐकून त्याचा वर धरलेला हात हळूच गळ्यावर आला.

"मग आता बाहेर व्हा. ताबडतोब. आणि पुन्हा ह्या वॉर्डात आवाज काढायचा नाही."

"ऱ्हाऊ द्या की त्याला," झुंबरबाई म्हणाली. "मशीन गेलं खड्ड्यात. फुडं काय झालं ते तरी कळू द्या."

पण कौसरनं त्याला दंडाला धरून दारापर्यंत पोचवलं. लंकाबाई गोळ्यांची पिशवी घेऊन रस्ता ओलांडून पळत आली होती. तिला धाप लागली होती.

"आवं, काय झालं? का काढलं तुमाला भायेर?"

"आवाज लई मोठा हाय म्हनून," सावळाराम म्हणाला, आणि भर दवाखान्याच्या दारात लहान पोरासारखा रडायला लागला.